हुंगायच्या बाटल्या घेऊन सातारा-सांगली

शिरवळ

आमच्या प्रकल्पाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मंगलताईंनी ते पहिल्याच सकाळी सोपं करून टाकलं. शिरवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं विचारलं, "कशासाठी आलाय?" त्या म्हणाल्या, "नाकं तपासायला."

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. माहेर अमरावतीचं, नोकरी पुण्याच्या एका रुग्णालयात. करोनानंतर वास गेल्याची तक्रार घेऊन माणसं यायला लागली, आणि त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की काहींचा वास त्याच्या कितीतरी आधीच गेलेला होता. कान गेला तर घरातले ओरडून बोलतात, डोळा गेला तर हात धरतात. नाक गेलं तर कुणाला कळतच नाही. म्हणून आमच्या सरांनी सातारा-सांगलीच्या गावांतून पाहणी करायचं ठरवलं आणि प्राथमिक फेरीसाठी मला फेब्रुवारीअखेरचे आठ दिवस दिले. सोबतीला मंगल कांबळे. मिरजेजवळच्या गावच्या, पंचेचाळिशीच्या, आरोग्याच्या पाहण्या करण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या. कुणाच्याही दारात उभं राहून पाच मिनिटांत पाण्याचा तांब्या हातात घेणाऱ्या.

आमच्याकडं परदेशातून आलेला पेनांचा एक संच होता. दिसायला स्केचपेनं. टोपण काढायचं, पेन नाकाखाली धरायचं, आणि समोरच्या कार्डावरच्या चार नावांतलं एक माणसानं निवडायचं. नावांचं मराठी आमच्याच कचेरीत झालं होतं. त्यात ग्रेपफ्रूटचं पपनस झालं होतं आणि कुठल्याशा थंड देशातल्या फुलाला नुसतंच 'फूल' म्हटलं होतं.

पहिला नंबर त्या रखवालदाराचाच लागला. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ बसणारा माणूस. मी एक पेन धरलं. कार्डावर होतं: चामडं, डिंक, गवत, केळं.

"ह्यातलं एकबी न्हाई," तो म्हणाला. "ही बुटाची पॉलिश हाय. सतरा वर्सं रोज सकाळी घासलीया. चुकंल कशी?"

उत्तर 'चामडं' होतं. नियमाप्रमाणं मी फुली मारली. त्यानं ती बघितली.

"म्हंजे माजं नाक गेलं का, मॅडम?"

त्याचं नाक माझ्यापेक्षा तिखट होतं. दुपारपर्यंत अशा फुल्यांनी कागद भरला. पपनस तर कुणी जन्मात हुंगलं नव्हतं. एका बाईनं 'फूल' हुंगून सांगितलं, "बाथरूम धुत्यात तसलं हाय." तिलाही फुली. त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर निम्म्या शिरवळचं नाक निकामी ठरलं असतं, आणि ज्याचं खरंच गेलंय तो त्या गर्दीत कायमचा हरवला असता. आपण मोजायला आलो ते मोजतच नाही आहोत, हे कळल्यावर मला पुढं एकही पेन उघडवेना.

महामार्गाच्या कडेला चहाच्या टपरीवरून मी सरांना फोन लावला.

"संच जगभर वापरलाय," सर म्हणाले.

"त्या जगात शिरवळ नसावं, सर. मला इथल्या वस्तूंचा संच करू द्या."

त्यांनी आधी फुल्यांचा आकडा विचारून घेतला. मग म्हणाले, "कर. पण तुझ्या वस्तूंना आधी पास व्हावं लागेल. हायवेवरचा, डोंगरातला आणि नदीकाठचा माणूस, तिघांनी डोळे मिटून ओळखली तरच वस्तू ठेवायची. दिवस आठच. नववा मागू नकोस."

मंगलताईंनी तोवर चहा संपवला होता. "चला," त्या म्हणाल्या, "किराणावाला जेवायला जायच्या आत गाठू."

औषधाच्या दुकानातून तपकिरी बाटल्या आणि कापूस घेतला. किराणा दुकानातून लसूण, गूळ, हिंग, खोबरेल, रॉकेलचा एक जपून ठेवलेला वाटीभर साठा, हळद. आणि माझ्या हट्टानं एक संत्रं.

पाचगणी ते मेढा

पसरणीचा घाट चढताना खिडकीतून गार वारा यायला लागला आणि मंगलताईंनी स्वेटर चढवला. पाचगणीला स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता. रस्त्याकडेच्या प्रत्येक टपरीवर लाल ढीग. मी कामाच्या नावाखाली पाव किलो घेतली आणि चाचणीपुरती चारच उरली. शेतात फळं तोडणाऱ्या बायकांनी डोळे मिटून बाटली हुंगली आणि सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं. मी खूश. मंगलताई म्हणाल्या, "थांबा. माझ्या गावात हिला कोण ओळखतंय ते बघू."

तिथून करहरच्या बाजूनं उतरत मेढ्याला आलो. आमच्या वऱ्हाडात नजर सपाट पळत जाते. इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर आडवा, आणि वाडी कुठं म्हणून विचारलं तर लोक हनुवटीनं वर दाखवतात. अशाच एका वाडीत आम्ही दोन दिवस घरोघर फिरलो. दुपारी ज्या घरात असू तिथं नाचणीची भाकरी आणि हुलग्याची आमटी पुढ्यात यायची. आमच्याकडं पाहुण्याला आधी विचारतात, मग आग्रह होतो. इथं विचारायची पद्धतच नाही. ताट येतं.

पहिल्या संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा एकजण म्हणाली, "बाटल्या कशाला? आमचा शेणाचा वास घ्या की, फुकट हाय." मी गंभीरपणे हो म्हणाले आणि खरंच बाटली भरली. मग हसण्याचा असा गोंधळ उडाला की पोरं धावत आली.

"शेण हुंगायला सरकारनं पुण्यासनं डाक्टर धाडली व्हय गं!"

पण ते शेण पास झालं. लसूण पास, गूळ पास, रॉकेल पास. आणि मंगलताईंनी सुचवलेली मिश्री सगळ्यांच्या वर गेली. तंबाखू तव्यावर भाजून दात घासायला वापरतात ती. वाडीत एकही नाक तिच्याबाबतीत चुकलं नाही. डॉक्टर म्हणून मला ती मिश्री बंद करायला सांगायची असते आणि इथं तीच माझ्या उपयोगी पडत होती. बाटली भरली आणि मिश्री लावू नका म्हणूनही सांगितलं. दोन्हीला लोकांनी मान डोलावली.

संत्र्यावर मात्र आमचं भांडण झालं. एका म्हाताऱ्यानं हुंगून सांगितलं, "ल्हान पोरांची आंबटगोड गोळी." मी बरोबरची खूण करायला पेन उचललं.

"गोळी आणि संत्रं एक न्हवं," मंगलताई म्हणाल्या.

"वास तोच ना पण!"

"मॅडम, तुमचं माहेर म्हणून पास करू नका. त्या रखवालदारानं पॉलिश म्हटलं तवा फुली, आणि हितं खूण?"

मी संत्र्याची बाटली रिकामी केली. फार राग आला होता आणि त्यांचं खरं होतं.

सातारा

मेढ्याहून सातारला येताना एसटीत हिंगाची बाटली फुटली. वळणावर बॅग रॅकवरून घसरली, आवाजही फारसा झाला नाही, आणि मिनिटभरात सगळी गाडी मागं वळून बघायला लागली. कंडक्टर आला.

"आवं ताई, लोणच्याची बरणी फुटली का काय?"

"हिंग," मी म्हणाले.

"एवडा? कुनाच्या लग्नाला?"

लोकांनी खिडक्या उघडल्या. माझ्या पाठीमागं बसलेल्या एका आजोबांनी मोठ्या समाधानानं सांगितलं, "पोटाला बरं असतं," आणि उरलेला प्रवास खोल श्वास घेत केला. सातारला उतरून बघितलं तर प्रत्येक बाटलीच्या कापसाला हिंग लागला होता. स्ट्रॉबेरीलासुद्धा. लॉजवर आम्ही गरम पाणी मागून सगळ्या बाटल्या उकळल्या, लिंबानं घासल्या, पुन्हा उकळल्या. दुसऱ्या दिवशी सगळं सामान नव्यानं घेतलं आणि संध्याकाळी महामार्गाकडेच्या टपऱ्यांवरच्या माणसांना हुंगवलं. एक अख्खा दिवस गेला. हिंग मी संचातून काढून टाकला. तो पास झाला असता, पण पुन्हा त्याला बॅगेत घेण्याची माझी तयारी नव्हती. कंदी पेढे खाल्ले तेही मला हिंगाचे लागले.

सांगली

सांगलीत हळद पास होणारच, असं मी गृहीत धरलं होतं. हळदीच्या पेठेत गेलो. पोती, पिवळी धूळ, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. माझ्या शिंका थांबेनात. मी एका हमालाला बाटली दिली. त्यानं दोनदा हुंगली, हलवली, पुन्हा हुंगली.

"रिकामी हाय का?"

"हळद आहे."

"हळदीला वास असतो व्हय?" त्यानं खरंच विचारलं.

दिवसभर ज्या वासात माणूस राहतो तो वास त्याचं नाक मोजेनासं होतं, हे मी पुस्तकात शिकले होते. समोर बघून गंमत वाटली. हळद गेली. मंगलताईंच्या गावात स्ट्रॉबेरीला लोकांनी 'औषध', 'पावडर', 'केक' म्हटलं, तीही गेली. त्यांच्या घरी दुपारी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आम्ही हिशेब लावला. पुढ्यात ज्वारीची भाकरी, वांगं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. त्याला आमच्याकडं ठेचा म्हणतात, तिखटपणात फरक नाही. तिन्ही ठिकाणी ओळखलेल्या वस्तू पाच निघाल्या. लसूण, गूळ, मिश्री, रॉकेल, शेण.

त्यात मी आणखी तीन बाटल्या घातल्या. एक रिकामी, अंदाजानं उत्तर देणाऱ्याला पकडायला. एक कापराची. एक नवसागर आणि चुन्याची. कापराचा गारवा आणि नवसागराची झणझण वासाच्या नसेनं कळत नाही, त्यांची नस वेगळी. ज्याचा वास पूर्ण गेलाय त्यालाही त्या दोन्ही जाणवतात. जो नुसतं सोंग करतो तो नवसागरालाही 'काही नाही' म्हणतो.

आठ बाटल्या झाल्या. दोन दिवस उरले होते.

तासगावकडचं गाव

बेदाण्याचे दिवस होते. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली. आम्ही एका घराच्या ओसरीवर चढलो तर साठीच्या एक बाई बसून बेदाण्याच्या काड्या निवडत होत्या. बोटं इतकी झपझप चालत होती की मी जरा वेळ नुसती बघत राहिले. घरातून सून बाहेर आली. अश्विनी नाव, तिशीची, कडेवर लहानगी. तिनं स्वतः सगळ्या बाटल्या ओळखल्या. मी त्या बाईंकडं वळले तशी ती हळूच म्हणाली, "सासूबाईंचं राहू द्या. त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं आता."

"मला बी हुंगू द्या की," काड्यांवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या. "कान साबूत हायत माझं."

त्या शालनकाकी. मी त्यांचे डोळे रुमालानं बांधले. लसूण. "काय न्हाई." रिकामी. "काय न्हाई." मिश्री. "न्हाई." रॉकेल. "न्हाई." कापूर. त्या थांबल्या. "गार लागतंय नाकात. वास न्हाई." नवसागर धरल्याबरोबर मान मागं. "आवं, झोंबलं की!"

मी क्रम बदलून पुन्हा सगळं केलं. उत्तरं तीच. एकदाही अंदाज नाही. रुमाल सोडल्यावर त्या म्हणाल्या, "पयल्या खेपंला दुसरी बाटली तुमी डाव्या हातानं धरलीवती. बांगडी वाजली. बाकी सगळ्या उजव्या हातानं."

मी अश्विनीकडं बघितलं. "यांचं डोकं ठिकाणावर नाही असं कशावरून म्हणतेस?"

मग तिनं सांगितलं. वर्षापूर्वी गॅस उघडा राहिला होता, काकी तिथंच बसलेल्या आणि धाकटी आत झोपलेली. अश्विनी शेतातून आली, दार उघडलं आणि वासानं मागं सरली. त्यानंतर एकदा नासलेली आमटी त्यांनी पोरांना वाढली, पोरं रात्रभर ओकली. नवरा फौजेत, काश्मीरकडं. त्यानं फोनवरून सांगितलं, आईच्या हातात चूल देऊ नको. तेव्हापासून गॅसचं बटण शेगडीवरून काढून अश्विनीच्या पदरात बांधलेलं. पाडव्यानंतर काकींना त्यांच्या बहिणीकडं ठेवायचं ठरलं होतं.

"मी वाईट न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "पण माझी पोरगी आत होती."

मी म्हटलं, वाऱ्यानं ज्योत विझली तर तुला-मला वासानं कळतं आणि आपण बटण बंद करतो. यांना कळणार कसं? आमटी नासली हे आपण नाकानं ओळखतो. यांना तर ती कालच्यासारखीच वाटणार.

तिचा विश्वास बसेना. ती उठून आत गेली. चर्र असा आवाज आला आणि वाळल्या मिरचीचा धूर ओसरीवर आला. काकींना जोराचा ठसका लागला.

"बघा! कळतंय की!"

"तो ठसका आहे, वास नाही," मी खोकत म्हणाले. "नवसागर झोंबला तसाच. न झोंबणारं काहीतरी आण."

ती पुन्हा आत गेली. मग दोन वाट्या घेऊन आली. एकीत सकाळची आमटी, दुसरीत जनावरांसाठी काढून ठेवलेली, दोन दिवसांची. ती मला हातभरावरून सहन होईना. अश्विनीनं स्वतः सासूचे डोळे पदरानं झाकले आणि एकेक वाटी नाकाखाली धरली. तीनदा, उलटसुलट.

"दोनी सारख्याच हायत की गं," काकी म्हणाल्या. "काय दाखवतीस?"

अश्विनीनं वाट्या खाली ठेवल्या. पदर तसाच काकींच्या डोळ्यांवर राहिला.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमी कवा सांगितलं न्हाई."

"कुनी इचारलं? नाक चोंदतंय म्हनून सांगत हुतो की दरसाली. मला वाटलं, वय झालं की सगळ्यांचंच जातं." मग पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "त्या दिशी पोरं ओकली, तवा मी भिताडाकडं तोंड करून बसलो. मला वाटलं, खरंच माझं डोस्कं फिरलं."

मी बॅटरी लावून त्यांचं नाक बघितलं. दोन्ही बाजूंना फिकट, पाणीदार गाठींचे झुपके. पुस्तकात त्यांना द्राक्षाच्या घडाची उपमा देतात. मी तसं सांगितलं.

"घ्या," शालनकाकी म्हणाल्या, "शेतात बाग, आन नाकात बी बाग!"

सगळ्यांत आधी मंगलताई हसल्या.

आमच्या नियमावलीत लिहिलं होतं, दोष आढळल्यास चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी देऊन मी पुढच्या घरी जाऊ शकत होते. पण अशा चिठ्ठ्या कुठं जातात ते मला ठाऊक होतं. देव्हाऱ्यामागं, नाहीतर पत्र्याच्या डब्यात. मी अश्विनीला सांगितलं, नवऱ्याला फोन लाव. डॉक्टर बोलतायत म्हटल्यावर त्यानं आधी 'साहेब' म्हटलं, मग बाईचा आवाज ऐकून 'मॅडम' म्हटलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आई वेडी न्हाई?"

"नाही."

"मला आईशी बोलू द्या."

फोन घेऊन काकी ओसरीच्या टोकाला गेल्या. काय बोलणं झालं ते आम्ही ऐकलं नाही. परत आल्या तेव्हा नाक पुसत होत्या.

आठवा दिवस मी गावं फिरण्यात घालवला नाही. सकाळी काकींना आणि अश्विनीला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात रांगेत उभ्या राहिलो. ओळख सांगितली, वाट बघितली, नंबर लागला, तपासणी झाली, नाकाचा स्कॅन काढायची तारीख मिळेपर्यंत मी खिडकी सोडली नाही. तिथल्या डॉक्टरांनी आधी औषध आणि मग शस्त्रक्रिया सांगितली. वास परत येईलच असं नाही, हे मी काकींना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "न्हाई आला तर न्हाई आला. डोस्कं साबूत हाय हे घरात कळलं, ते लय झालं."

परतल्यावर

पुण्यात सरांनी माझे कागद दोन दिवस वाचले. हिंगाचा प्रसंग त्यांनी वगळायला सांगितला. शेणाच्या बाटलीवर लाल खूण केली आणि समासात लिहिलं, 'रोज ताजं भरावं लागेल का?' पेनांचा संच कपाटात गेला. बाटल्यांवर अजून पुष्कळ काम करायचं आहे, शंभर शंका आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत. पण पुढच्या फेरीत बाटल्या न्यायच्या, हे ठरलं. शिरवळच्या रखवालदाराला मी फोन करून त्याचं नाक उत्तम असल्याचं कळवलं. तो म्हणाला, "ते मला म्हाईत हाय, पर लिवून द्या."

शालनकाकींच्या मुलानं गॅस गळला की ओरडणारं यंत्र घरी पाठवलं. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात झाली. वास पूर्ण आला नाही. लसूण येतो, रॉकेल येतं, गूळ येत नाही. गॅसचं बटण आता ओट्याजवळच्या खिळ्याला, काकींच्या हाताशी असतं.

हे मला पावसाळा सरता सरता कळलं, त्यांच्याच तोंडून. मी दुसऱ्या फेरीसाठी तासगावात आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात टेबल मांडत होते. काकी पायऱ्या चढून आल्या. मागं त्यांच्याच वयाची एक बाई, पदर कपाळापर्यंत ओढलेली. तिच्या मागं एक तरुण बाई, कपाळाला आठ्या घालून.

"ही बेदाण्याच्या शेडवर माझ्या शेजारी बसती," काकींनी सांगितलं. "मी घरी हुंगवलं हिला. लसूण न्हाई, मिश्री न्हाई. कापूर गार लागला म्हनली. हिला बी घरात वेडी ठरवलीया."

मी खुर्ची पुढं सरकवली. ती बाई बसली. तरुण बाई जरा लांब खांबाला टेकून उभी राहिली. काकींनी तिच्या दंडाला धरून तिला टेबलाजवळ आणलं.

"ही हिची सून. येत नव्हती, वडून आणलीया," त्या म्हणाल्या. "हिच्या म्होरंच बघा."